माशांचे दुखणे आणि पाण्याची परीक्षा

मुके जनावर आजारी पडले की त्याचे दुखणे ओळखायचे कसे, हा प्रश्न गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याला नवा नाही. गाय रवंथ करेनाशी झाली, बैलाने वैरणीला तोंड लावले नाही, की जाणता माणूस त्याच्या अंगावरून हात फिरवतो, कान चाचपून पाहतो आणि काय ते ताडतो. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. मासा मुका तर खराच, पण त्याच्या अंगाला हात लावून पाहण्याचीही सोय नाही. बाहेर काढून चाचपू गेलो तर त्या चाचपण्यानेच तो अर्धमेला व्हायचा. तेव्हा काचेपाशी बसून शांतपणे पाहणे, एवढेच साधन आपल्या हाती उरते.

पण होते काय, की पाहण्याइतका धीर आपल्याला नसतो. सकाळी एखाद्या माशाच्या शेपटीवर पांढरे काही दिसले, की संध्याकाळी आपण दुकानात. दुकानदार एक निळी बाटली देतो, एक पिवळी देतो. घरी येऊन आपण दोन्हींतले दहा-दहा थेंब टाकीत सोडतो. तिसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगू लागतात. ते रोगाने मेले की औषधाने, हे कळायला मार्ग उरत नाही, आणि घरातले मूल विचारते, "बाबा, औषध दिलं होतं ना?" त्या प्रश्नाला निदान प्रामाणिक उत्तर देता यावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. मी काही मत्स्यवैद्य नव्हे. मुलांना भाषा शिकवणारा माणूस मी. पण बारा-तेरा वर्षे घरात टाकी आहे, आणि या विषयावरचे मिळेल ते वाचून, जाणत्यांना विचारून जे पक्के वाटले तेच येथे सांगतो.

पहिली गोष्ट ही, की टाकीतल्या माशांची बहुतेक दुखणी पाण्यातून येतात. रोगजंतू कारण होतात हे खरे. परंतु ते पुष्कळदा टाकीत आधीपासूनच असतात, आणि पाणी बिघडून माशाची ताकद खचली म्हणजे त्यांचे फावते. नदीतल्या माशाभोवती लाखो लिटर वाहते पाणी असते. आपण त्याला पन्नास लिटर साचलेल्या पाण्यात आणून ठेवतो. तेथेच त्याने श्वास घ्यायचा, तेथेच खायचे आणि तेथेच विष्ठा टाकायची. इतक्या थोड्या पाण्यात मासे जगवायचे कसे, याचा पद्धतशीर प्रयोग लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने केला आणि १८५० साली प्रसिद्ध केला. त्याने गोल्डफिशसोबत पाणवनस्पती आणि गोगलगाई ठेवल्या होत्या. अशा टाकीला 'अॅक्वेरियम' म्हणण्याची चाल फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकाने रूढ केली. आपल्याकडे मुंबईला १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि रंगीत माशांची हौस पुष्कळ घरांत पोहोचली. हौस पोहोचली, पाण्याची समज मात्र तिच्या मागून सावकाश येते आहे.

ही समज थोडक्यात अशी. मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यत्वे कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. उरलेले अन्न, विष्ठा आणि कुजलेली पाने यांतूनही अमोनिया निघतो. तो विषारी आहे. सुदैवाने निसर्गात एक प्रकारचे जंतू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. जमिनीतल्या अशा जंतूंचे काम रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखवले. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य, आणि ते पाणी बदलून काढून टाकता येते. हे उपकारक जंतू टाकीतल्या वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. पण त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून दिवाळीत हौसेने नवी टाकी आणावी, पहिल्याच दिवशी तीत पंधरा मासे सोडावेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते एकामागून एक मरू लागावेत, हा प्रकार घरोघर घडतो. त्याला लोक 'रोग पडला' म्हणतात. वस्तुतः तेथे रोग नसतो. माशांना आपल्याच मलमूत्राची विषबाधा झालेली असते.

यात आणखी एक मेख आहे. अमोनियाचे विष पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला, सामू ७ असताना, पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग सुमारे पाच टक्के होतो. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष जवळजवळ दसपट! आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असते. तेव्हा शेजाऱ्याच्या टाकीत वीस मासे सुखाने राहतात म्हणून आपल्याही राहतील, असे गृहीत धरू नये. अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासण्याचे छोटे संच दुकानांत मिळतात. औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा असा एक संच घरी असणे अधिक उपयोगाचे.

आता, मासा आजारी दिसला की औषधाकडे हात नेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : सगळे मासे एकदम बिघडले, की एखाददुसराच? वेगवेगळ्या जातींचे सगळे मासे काही तासांत एकदम हैराण झाले असतील, तर दोष पाण्याचा, हे बहुतेक नक्की समजा. साथीचा रोग असा घड्याळ लावून सर्वांना एकदम गाठत नाही; तो एकापासून दुसऱ्याकडे, दोन-चार दिवसांत पसरतो. दुसरा प्रश्न : गेल्या पंधरा दिवसांत नवे काय घडले? नवा मासा आणला? नवी वनस्पती टाकली? गावाला जाताना कोणाला 'जरा खायला घाल' म्हणून सांगितले आणि त्याने डबाच उपडा केला? घरात डासांचे औषध फवारले? रात्री वीज जाऊन पंप बंद पडला? आणि तिसरा प्रश्न : श्वास कसा चालला आहे? मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करीत असतील, तर प्राणवायू कमी आहे किंवा कल्ल्यांना इजा झाली आहे. मात्र फायटर आणि गुरामी हे मासे स्वभावतःच अधूनमधून वर येऊन हवा घेतात. तेवढ्यावरून घाबरू नये.

दोष पाण्याचा आहे असे वाटले, तर उपाय साधा आहे. टाकीतले चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढून त्याच तापमानाचे ताजे पाणी भरावे, एक-दोन दिवस खाणे बंद ठेवावे, आणि हवेचा पंप जोरात चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशी गरज वाटली तर पुन्हा तेवढेच पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम फेकून टाकी घासूनपुसून स्वच्छ करणे ही आपली नेहमीची खोड; तीत ते उपकारक जंतूही वाहून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो त्या जंतूंना मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो. नळाचे पाणी उघड्या बादलीत हवा सोडून एक दिवस ठेवले तर क्लोरीन उडून जातो; घाई असेल तर 'हायपो' म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरतात. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते मात्र नुसते ठेवून जात नाही, त्यासाठी औषधाचे थेंबच लागतात.

नायट्राइट वाढले असेल तर आणखी एक गोष्ट करता येते. नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी होते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पंप चालू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी दर लिटरला एक ग्रॅम साधे खडेमीठ विरघळवून घातले, तर मिठातले क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्याला अडथळा करते. आजीबाईच्या बटव्यातला वाटणारा हा उपाय पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे.

पाण्याची चौकशी झाली. आता खऱ्या रोगांकडे वळू. त्यांत सर्वांत वारंवार भेटणारा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. माशाच्या अंगावर आणि परांवर रवा चिकटावा तसे शुभ्र कण दिसतात. मासा दगडावर, वाळूवर अंग घासतो, पर मिटून बसतो. हा एका सूक्ष्म, एकपेशीय परजीवीचा प्रताप. त्याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. अर्थ लावला तर 'पुष्कळ पिलांची, माशांवरची ऊ'! १८७६ मध्ये फूके नावाच्या फ्रेंच संशोधकाने हे नाव दिले, आणि ते किती अचूक आहे ते या जीवाच्या चरित्रावरून कळते.

हे चरित्र नीट समजून घ्या, कारण सगळी चिकित्सा त्यावरच उभी आहे. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो, त्यात हा जीव माशाच्या वरच्या त्वचेच्या आत शिरून, तिच्या आडोशाने वाढत असतो. तेथे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पुरता वाढला की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती एक कवच करतो, आणि त्या कवचात एकाचे शेकडो होतात. तेथेही औषधाचे फारसे चालत नाही. मग कवच फुटून ती पिले पाण्यात मोकळी पोहू लागतात. दोन-तीन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते या मोकळ्या अवस्थेतल्या पिलांना. म्हणजे आज औषध घातले आणि उद्या ठिपके तसेच दिसले, तर औषध निकामी ठरत नाही. उलट, चार दिवसांनी सारे ठिपके नाहीसे झाले, तर रोग गेला असेही नव्हे. तो तळाशी गेलेला असतो! नेमक्या याच वेळी लोक औषध थांबवतात, आणि आठवड्याने दहापट ठिपके घेऊन तो परत येतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान चार-पाच दिवस, एकंदरीने दहा ते चौदा दिवस, उपचार चालू ठेवलाच पाहिजे.

उपचार कोणता? पाणी कोमट असले की या परजीवीचे चक्र वेगाने फिरते आणि औषधाच्या तावडीत तो लवकर सापडतो. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून हीटरने रोज एक-दोन अंश वाढवीत पाणी २९-३० अंशांपर्यंत न्यावे. परंतु ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. तेव्हा पंप जोरात हवा. त्याच्या जोडीला लिटरला दोन ग्रॅम मीठ. ते एकदम न ओतता दोन दिवसांत तीन हप्त्यांनी, वेगळ्या भांड्यात विरघळवून घालावे. लोच किंवा कॅटफिश असे खवले नसलेले मासे असतील, तर मीठ आणि औषध दोन्ही बेताने. वनस्पतीही मिठाने कोमेजतात. एवढ्याने भागले नाही तर मॅलेकाइट ग्रीन असलेले औषध वेष्टनावरील मात्रेप्रमाणे द्यावे. हे द्रव्य हाताला लागू देऊ नये, आणि खायच्या माशांना ते कधीही देऊ नये. अनेक देशांत त्याला बंदी आहे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे बारीक दाणे येतात. ते त्याच्या तारुण्याचे लक्षण, रोग नव्हे. ठिपके फक्त तेवढ्याच जागी असतील आणि मासा मजेत हिंडत असेल, तर नवरदेवाला औषध पाजू नका!

ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी, हळदीची पूड भुरभुरावी तशी झाक दिसली, तर तो मखमली रोग. दिवसा तो पटकन कळत नाही. खोलीत अंधार करून बाजूने विजेरीचा झोत टाकला की अंग चमकते. याचा जंतूही परजीवीच, पण तो थोडेफार उजेडावर जगतो. म्हणून औषधाबरोबर टाकीवर कापड टाकून अंधार करतात.

दुसरे वारंवार दिसणारे दुखणे 'कापसाचे'. माशाच्या जखमेवर पिंजलेल्या कापसाचा पुंजका बसलेला दिसतो. ही बहुधा बुरशी. ती धडधाकट माशाला सहसा धरत नाही. आधी जखम, भांडण किंवा जाळीचे खरचटणे झालेले असते. मासा वेगळ्या भांड्यात घेऊन मिठाचे किंवा मिथिलीन ब्लूचे पाणी द्यावे. हे निळे औषध मूळचे कापड रंगवण्याचा रंग. तोही १८७६ चाच. मुख्य टाकीत मात्र ते ओतू नये, कारण ते आपल्या उपकारक जंतूंना मारते. पण सगळाच कापूस बुरशीचा नसतो. तोंडाभोवती पांढुरका-करडा थर, किंवा पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा दिसला आणि तो झपाट्याने पसरू लागला, तर तो जीवाणूंचा रोग समजावा. त्याला कॉलम्नॅरिस म्हणतात. हा ऊन पाण्यात फोफावतो. म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांना जो उपाय, तोच येथे अपाय! नीट न पाहता 'पांढरं दिसलं की पाणी तापवा' असे करणाऱ्याची येथे फसगत होते. यावर प्रतिजैविके लागतात, आणि ती अंदाजाने देऊ नयेत. अर्धवट मात्रेने जंतू मरत तर नाहीतच, उलट निर्ढावतात. पशुवैद्याला किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयात विचारावे.

परांच्या कडा झिजून चिंध्या होऊ लागल्या, तर त्याला पर कुजणे म्हणतात. सुरुवातीला नुसते पाणी नियमित बदलले तरी ते पुष्कळदा थांबते, आणि कडेला नवा पारदर्शक पर फुटताना दिसतो. गोलमटोल गोल्डफिश उलटा तरंगू लागला, तर प्रत्येक वेळी तो मरणाच्या दारी नसतो. कोरडे खाणे फुगून पोट तटलेले असते. दोन-तीन दिवस उपास, आणि मग उकडून साल काढलेला मटारचा दाणा, एवढ्याने कित्येक मासे सावरतात. जलोदर मात्र गंभीर. पोट फुगते आणि पिकल्या सीताफळाचे डोळे उकलावेत तसे सारे खवले उभे राहतात. हा एक रोग नव्हे, तर आतली मूत्रपिंडे वगैरे निकामी होत आल्याचे चिन्ह आहे. तो मासा वेगळा करावा, जपावे. परंतु आशा थोडी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

मात्रेविषयी एक साधा हिशेब. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि हजाराने भागावे. आले ते लिटर. ६० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५. लिटरला दोन ग्रॅम मीठ म्हणजे ९० ग्रॅम. 'मूठभर' मीठ आणि 'झाकणभर' औषध यांनी मासे मरतात. तराजूने सहसा मरत नाहीत. औषध देताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. आणि दोन औषधे एकत्र करू नयेत.

रोग टाळण्याचा मार्ग विचाराल, तर तो एका जादा भांड्यात आहे. बाजारातले पुष्कळ मासे कोलकाता, चेन्नई अशा दूरच्या ठिकाणांहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्रवास करून आलेले असतात. थकलेला, गर्दीतून आलेला मासा रोग घेऊन येण्याचा संभव मोठा. त्याला थेट टाकीत न सोडता दोन ते चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवावे. एक स्पंजचा फिल्टर, एक पंप, बस्स. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप चाळीस रुपयांच्या माशासाठी? त्या चाळीस रुपयांच्या माशामुळे चार वर्षे जपलेले मासे जातात, हा त्याचा हिशेब.

दोन सूचना आपल्यासाठी. टाकीतल्या माशांना क्षयासारखा एक रोग होतो. त्याचा जंतू मायकोबॅक्टेरियम मरीनम १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांतून ओळखला गेला. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून चिवट गाठी करू शकतो. तेव्हा हाताला खरचटले असेल तर टाकीत हात घालू नये, आणि एरवीही साबणाने हात धुवावेत. दुसरी सूचना : आजारी किंवा नकोसा मासा विहिरीत, ओढ्यात, तळ्यात सोडू नये. ती दया नव्हे. दुकानांत टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच बाहेर पडून आता उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो आहे, आणि तो त्यांच्या काही कामाचा नाही.

काही मासे सर्व करूनही वाचत नाहीत. जो तळाशी आडवा पडून केवळ तडफडतो आहे, त्याला संडासात टाकून पाणी ओतणे हे क्रूरपणाचे आहे. थोड्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे थेंब हलवून मिसळले, तर मासा त्यात गुंगीत जातो, आणि मग मात्रा वाढवली की त्याच झोपेत शांतपणे संपतो.

काचेआडचा तो जीव आपण हौसेने आणलेला असतो. त्याने स्वतः होऊन काही आपले घर निवडलेले नसते. म्हणून रोज खाणे घालताना दोन मिनिटे उभे राहून पाहावे : किती जण खायला आले, कोण कोपऱ्यात राहिला, कोणाचे पर मिटलेले आहेत, श्वास कसा चालला आहे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. जो हे दोन्ही नेमाने करील, त्याच्या घरात औषधाच्या बाटल्यांवर बहुतेक धूळच साचलेली दिसेल.